नळाचे पाणी मचूळ होण्याआधी



खाडीकाठच्या आदिवासी पाड्यांवरील नळपाण्यासाठी मदत करावी, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. त्यासोबत एक प्रश्नही विचारला जातो. विहिरीत खारे पाणी शिरू लागले की ते आधीच कळावे म्हणून पाइपात सेन्सर बसवता येईल का, आणि त्यासाठी वेगळा निधी जमवावा का? मी नोकरीची सारी वर्षे दुग्धशाळा आणि कारखान्यांतील मापनयंत्रांच्या देखभालीत घालवली. आता मालवणात राहतो. म्हणून संपादकांनी हे काम माझ्यावर सोपवले. सेन्सर बसवता येतो, आणि पाण्याला धातूचा स्पर्शही होऊ न देता बसवता येतो. तो कुठे बसवावा आणि कुठे बसवू नये, हे समजण्यासाठी मात्र थोडा अभ्यास करावा लागेल.

सुरुवात आपल्याच समुद्रातून करू. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. किल्ला पाहून आलेल्या प्रत्येकाला दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आठवत असतील. चहूकडे समुद्र, आणि विहिरींत गोडे पाणी. त्यामागचे कारण साधे आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोड्या पाण्याच्या एका लिटरचे वजन साधारण १००० ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम. वजनातल्या या फरकामुळे बेटाच्या किंवा किनाऱ्याच्या पोटात गोड्या पाण्याचा एक भिंगासारखा थर साठतो. नेदरलँड्समधील बाडोन घायबेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मनीतील हर्झबर्ग यांनी १९०१ साली याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते.

हे गणित उलटेही चालते, आणि आपली काळजी तिथेच आहे. पंपाने उपसा करून विहिरीची पातळी एक वीत खाली नेली आणि ती तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी आठ-नऊ मीटर वर सरकू पाहते. हिशोब वाळूसारख्या सारख्या पोताच्या जमिनीचा आहे. देवबाग-तारकर्लीची पट्टी, जिच्या एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, तिला तो बराच लागू पडतो. जांभ्याच्या सड्यावर पाणी भेगांतून आणि पोकळ्यांतून वाहते, त्यामुळे तिथे एक विहीर गोडी आणि हाकेच्या अंतरावरची दुसरी मचूळ असेही होते. पण दिशा तीच. जितका जोराचा पंप, तितके खारे पाणी लवकर वर.

पाड्यावरच्या बायकांना यातले काही शिकवावे लागत नाही. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, की त्या ओळखतात. एका आजींनी मला सांगितले, "मे म्हयन्यात पेजेत मीठ घालूक नको." बोलणे हसत हसत झाले, पण त्याचा अर्थ हसण्यासारखा नाही. जिभेला चव कळते तोवर बरेच खारे पाणी मिसळलेले असते, आणि तेच पाणी गरोदर बाई, तान्हे मूल आणि रक्तदाबाचा रुग्ण पीत असतो. बांगलादेशच्या किनारपट्टीवर झालेल्या अभ्यासांत खारट पिण्याच्या पाण्याचा गरोदर स्त्रियांच्या वाढलेल्या रक्तदाबाशी संबंध दिसून आला आहे.

कातकरी समाज हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड हे उरलेले दोन. पुष्कळ कातकरी वस्त्या दुसऱ्याच्या जमिनीच्या कडेला, जिथे कोणी हरकत घेणार नाही अशा जागी उभ्या राहिल्या आहेत, आणि खाडीकाठी अशी जागा बहुधा सखल असते. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा वस्त्यांना नळपाणी देण्याचाही समावेश आहे. नळ येईल ही आनंदाचीच गोष्ट. पण कळशीने पाणी काढणारी विहीर आणि सबमर्सिबल पंप लावलेली विहीर यांत फार मोठा फरक आहे.

खारटपणा विजेने कसा मोजतात

शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक आहे. त्यात मीठ विरघळले की सोडियम आणि क्लोराइडचे विद्युतभारित कण मोकळे होतात, आणि तेच वीज वाहून नेतात. कण जितके जास्त, तितकी वाहकता जास्त. ती मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात मोजतात. पुढे मी फक्त आकडा देईन. समुद्राचे पाणी सुमारे ५०,००० आणि जांभ्यातल्या चांगल्या विहिरीचे बहुतेक वेळा काही शे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता हंड्यांचा हिशोब करू. विहिरीच्या पाण्याची वाहकता २५० आहे असे समजा. शंभर हंड्यांत एक हंडा समुद्राचे पाणी मिसळले, तर वाहकतेत पाचशे-सहाशेची भर पडते आणि लिटरमागे सुमारे १९० मिलिग्रॅम क्लोराइड वाढते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यावे, असे ते मानक सांगते. म्हणजे दोन हंडे मिसळले की पहिली मर्यादा ओलांडली, आणि पाच हंड्यांना दुसरी मर्यादा जवळ आली. आपल्या विहिरीपुरते बोलायचे तर मीटरवर १००० दिसू लागले की क्लोराइड २५० च्या आसपास पोहोचले असे धरायला हरकत नाही.

युवक संघात हा प्रयोग करून पाहा. एक लिटर गाळलेल्या पाण्यात अर्धा ग्रॅम मीठ, म्हणजे एक चिमूट, टाका. वाहकता जवळजवळ हजाराने वाढेल. दुसऱ्या भांड्यात चार चमचे साखर टाका. मीटर हलणारही नाही. साखर विरघळली तरी तिचे कण विद्युतभारित नसतात. जंतूंचेही तसेच. म्हणून मीटरवर १५० दिसले म्हणजे पाणी पिण्याजोगे, असे कोणी सांगितले तर मानू नका. ते फक्त खारट नाही, एवढेच कळले. शौचालयाचा खड्डा विहिरीला लागून असेल, तर पाणी गोडे लागेल आणि मूल जुलाबाने आजारी पडेल. जंतूंची तपासणी वेगळीच करावी लागते. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची सोय आहे. आपल्या पाड्यावरच्या बहिणींची नावे त्यात आहेत का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे.

धातूचा स्पर्श का नको

घरोघरी फिरणाऱ्या आरओ विक्रेत्यांकडे पेनासारखा जो टीडीएस मीटर असतो, तो क्षार मोजत नाही. तो वाहकताच मोजतो आणि तिला साधारण ०.५ किंवा ०.७ ने गुणून क्षारांचा अंदाज दाखवतो. त्याच्या टोकाला दोन धातूच्या काड्या असतात, त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. काही विक्रेते याहून मोठा खेळ करतात. तुमच्या पाण्यात दोन-दोन सळ्या बुडवून विजेला जोडतात, आणि दोन मिनिटांत पाणी तपकिरी, गढूळ होते. "बघा, हेच तुम्ही पिता!" पाहणारा घाबरतो. प्रत्यक्षात ती घाण पाण्यात नव्हतीच. सळी लोखंडाची असते, आणि एकाच दिशेने वीज गेल्याने लोखंड विरघळून गंजासारखा गाळ बनतो. पाण्यात क्षार जितके जास्त तितका गाळ लवकर, एवढेच त्यात खरे. आपल्या भाबड्या माणसांना फसवण्याचा हा प्रकार मला फार चीड आणतो.

पण त्या खेळातून एक धडा मिळतो. धातू पाण्यात बुडवून वीज सोडली की धातूवर आणि त्याच्याजवळच्या पाण्यावर परिणाम होतो, म्हणजे ज्याचे माप घ्यायचे तेच बदलते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांनी एकोणिसाव्या शतकात यावर उपाय काढला. त्यांनी दिशा सतत बदलणारी, म्हणजे प्रत्यावर्ती वीज वापरली. आजचे पेन मीटरही तेच करतात. तरी इलेक्ट्रोडवर शेवाळ चढणे, लोहाचा तांबूस थर बसणे, चुन्याचे कवच जमणे हे थांबत नाही. हातातला पेन मीटर धुऊन पुसून ठेवता येतो. पाइपात कायम बसवलेल्या इलेक्ट्रोडला कोण पुसणार? थर बसला की आकडा हळूहळू घसरतो आणि खारे पाणी आले तरी मीटर गोडे दाखवतो. पहारेकरी झोपावा तसा हा प्रकार.

यासाठी बिनस्पर्शी सेन्सर आला. त्यात तारेची दोन वेटोळी असतात, बांगड्यांसारखी शेजारी शेजारी ठेवलेली आणि प्लास्टिकमध्ये पूर्ण बंद केलेली. मधल्या भोकातून पाणी जाते. पहिल्या वेटोळ्यात प्रत्यावर्ती वीज सोडली की तिच्या चुंबकीय प्रभावाने भोकातून जाऊन बाहेरून परत येणाऱ्या पाण्याच्या फेऱ्यात अगदी क्षीण प्रवाह निर्माण होतो. तो प्रवाह दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न करतो, आणि ती मोजली जाते. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्येही दोन वेटोळी असतात. इथे त्यांना जोडणारी एका वेढ्याची तार म्हणजे खुद्द पाणी. पाणी गोडे तर ही तार दुबळी, पाणी खारे तर जोरदार. धातू कुठेही पाण्याला लागत नाही.

समुद्रशास्त्रात पूर्वी खारटपणा मोजायला प्रत्येक बाटलीतल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने टाकत. १९६१ साली ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेच्या नील ब्राउन आणि ब्रूस हॅमन यांनी अशा वेटोळ्यांवर चालणारा क्षारतामापक प्रसिद्ध केला आणि ते काम पुष्कळ सोपे झाले.

मी हे सेन्सर सांभाळले ते दुग्धशाळेत. तिथे एकाच पाइपातून आधी दूध जाते, मग पाणी, मग धुण्यासाठी कॉस्टिक, परत पाणी, मग आम्ल. दुधाची वाहकता सुमारे ५,०००, नळाच्या पाण्याची काही शे, एक टक्का कॉस्टिकची ५०,००० च्या आसपास. पाइपात आता काय आहे हे सेन्सर क्षणात सांगतो आणि त्याप्रमाणे झडपा फिरतात. नाहीतर दुधात कॉस्टिक जायचे. वर दिलेला समुद्राचा आकडा आठवतो का? तोही ५०,०००. म्हणजे समुद्राचे पाणी आणि पातळ कॉस्टिक या मीटरला एकसारखेच दिसतात! यंत्र काय ओळखते आणि काय ओळखत नाही, हे मला त्या आकड्याने जितके शिकवले तितके कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही.

पाइपात बसवताना

वेटोळी पाइपाच्या बाहेरून चढवली की झाले, असे अनेकांना वाटते. सरळ प्लास्टिकच्या पाइपावर ती नुसती चढवून चालत नाही. पाण्यातल्या प्रवाहाला फेरा पूर्ण करायला परतीची वाट लागते. म्हणून एक तर पाइपाला छोटा वळसा देऊन पाण्याचे कडे बनवतात, किंवा दोन्ही बाजूंना धातूचे फ्लँज लावून ते एकमेकांना जोडतात. वळसा दिला तरच "बिनस्पर्शी" हा शब्द पुरता खरा ठरतो. तिसरी आणि अधिक वापरातली रीत म्हणजे प्लास्टिकमध्ये बंद केलेला सेन्सर टी जोडातून पाइपाच्या आत सोडणे. तेव्हा त्याच्याभोवती पाइपाच्या भिंतीपर्यंत दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. नाहीतर भिंतीचा परिणाम आकड्यावर होतो. प्लास्टिकच्या पाइपात आकडा कमी दिसतो, लोखंडी पाइपात जास्त. गावच्या एक-दीड इंची लाइनमध्ये ही जागा मिळतच नाही. तिथे सेन्सरपुरता रुंद तुकडा घालावा लागेल.

सेन्सर उभ्या, वर चढणाऱ्या लाइनवर बसवावा, म्हणजे पाइप भरलेला राहतो आणि हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. तापमानही विसरू नये. पाणी एक अंशाने तापले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. विहिरीतून २८ अंशांवर निघालेले पाणी उन्हातल्या काळ्या पाइपात ४० अंशांवर गेले, तर काहीही न मिसळता आकडा जवळपास चोवीस टक्क्यांनी फुगतो. सेन्सरमध्ये तापमान-दुरुस्ती आहे का, आणि आकडा २५ अंशांना आणून दाखवतो का, हे विकत घेण्याआधीच विचारावे.

या सेन्सरची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्याची तपासणी. माहीत असलेल्या रोधाची तार त्याच्या भोकातून ओवून तिची टोके जोडली की मीटरने ठरलेला आकडा दाखवलाच पाहिजे. द्रावणाची बाटली नको, प्रयोगशाळा नको. पाड्यावरचा आयटीआय शिकलेला मुलगा हे सहज करू शकेल.

आणखी एक जात आहे. तिच्यात वेटोळ्यांऐवजी बारीक नळीवर बाहेरून धातूची दोन कडी बसवतात आणि नळीच्या भिंतीतून, संधारित्राच्या रीतीने, फार वेगाने दिशा बदलणारी वीज आत पोहोचवतात. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी तिचा प्रयोगशाळेसाठीचा आजचा प्रकार मांडला. केसासारख्या नळीतून जाणारे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड वेगवेगळे ओळखायला ती उत्तम. नळपाण्याच्या जाड भिंतीच्या पाइपावर तिचा जोर कमी पडतो. कोणी ती पाड्यासाठी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणावे.

मग पैसे कशाला द्यावेत?

माझे मत स्पष्ट सांगतो. वेटोळ्यांचा सेन्सर खाऱ्या पाण्यात उत्तम चालतो, पण वाहकता शंभराच्या खाली गेली की त्याचा संकेत फार क्षीण होतो. जांभ्यातल्या पाण्याचा आकडा पावसाळ्यात तेवढाच असू शकतो. आपल्याला खारे पाणी आल्याचे कळायला हवे, आणि ते त्याच्या आवाक्यात आहे. त्यामुळे ही अडचण मोठी नाही. मोठी अडचण खर्चाची आहे. ट्रान्समीटरसह तो कैक हजारांत जातो, नामांकित कंपनीचा लाखाच्या पुढेही. वीज गेली, वादळात पॅनेल भिजले, तर दुरुस्तीचा माणूस कुडाळहून नव्हे, त्याहून लांबून बोलवावा लागतो. वीस-पंचवीस घरांच्या पाड्याला, जिथे पंप दिवसातून दोनदा कोणीतरी हाताने सुरू करतो, तिथे तो बसवू नये. तिथे काही शे ते दोन हजार रुपयांचे दोन पेन मीटर, एक वही, आणि नोंद ठेवणाऱ्या दोन बहिणींना महिन्याचे मानधन, इतके द्यावे. मीटर दोन यासाठी, की एक बिघडला तर दुसऱ्याशी ताडून कळते. मानधन देणगीदारांना यंत्राइतके आकर्षक वाटत नाही, याची मला कल्पना आहे. पण वही बंद पडली की मीटर कपाटात जातो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

सेन्सर योग्य तिथे, जिथे एकाच विहिरीवरून पंप आपोआप चालू-बंद होतो आणि पाणी अनेक वाड्यांना जाते. तिथे त्याला रिले जोडून आकडा १००० वर गेला की पंपाचा स्टार्टरच बंद पडेल अशी सोय करावी. रात्री दोन वाजता खारे पाणी चढू लागले तर पाहायला कोणी नसते. अशी योजना ग्रामपंचायतीची असते, आपल्या निधीची नव्हे. आपण त्यांच्या सभेत जाऊन ही मागणी मांडू शकतो.

आकडा वाढला तर काय करायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. समजा सकाळी पंप सुरू करताना २५० होता आणि दोन तासांनी ९०० झाला, तर विहीर संपलेली नाही, उपसा जास्त होतो आहे. पंप सलग दोन तास न चालवता अर्धा-अर्धा तास, मध्ये विश्रांती देऊन चालवावा. पंप तळाशी असेल तर वर उचलून बांधावा, म्हणजे वरचे गोडे पाणी आधी येईल. शक्य असेल तर लहान पंप लावावा. विहीर खोल करणे किंवा शेजारी बोअर मारणे हा कोणालाही पहिला सुचणारा उपाय, आणि खाडीकाठी तो बहुधा घातक ठरतो, कारण खाली खारे पाणीच आहे. सकाळचा पहिला आकडाही रात्रभरच्या विश्रांतीनंतर ९०० च्या वर राहू लागला, तर पिण्यासाठी दुसऱ्या विहिरीचे किंवा टँकरचे पाणी आणायची वेळ आली. तेव्हा ही विहीर धुण्याभांड्यांपुरती ठेवून पावसापर्यंत तिला सावरू द्यावे.

नोंदी पावसाळ्यात आणि थंडीत महिन्यातून एकदा पुरतात. मार्चपासून पहिला मोठा पाऊस होईपर्यंत मात्र रोज दोन आकडे लिहावेत. एक पंप सुरू केल्यावर पाचव्या मिनिटाला, दुसरा बंद करण्याआधी. शेजारी भरतीची वेळही लिहिली तर फार उपयोग होतो.